बांजचं बी वाळवू नका, याच आठवड्यात लावा

उत्तराखंडात मुक्तेश्वर, रामगढ, राणीखेतकडे ज्यांनी जागा घेतली आहे, त्या मंडळींसाठी हा सल्ला. बांज म्हणजे तिथला मूळचा ओक, साधारण १२०० ते २३०० मीटरवरचा. सध्या त्याची फळं, म्हणजेच लावायचं बी, गळताहेत. बाकीची कामं थांबतील, हे थांबणार नाही.

बियाणं म्हटलं की आपण आधी ते उन्हात टाकतो. हरभऱ्याला ते ठीक. बांजचं बी वाळलं की मेलंच. गच्चीवर पसरलेली पोतीच्या पोती बाद झालेली पाहिली आहेत. एक फळ फोडून बघा: ताजा गर पांढरट, सालीला चिकटून भरलेला असतो. वाळलेला आक्रसतो, कानाशी हलवलं तर खुळखुळतो. मग कितीही पाणी घाला, उगवत नाही.

वेचलेली फळं त्याच दिवशी पाण्यात टाका. तरंगतील ती काढा. त्यांत बहुधा सोंड्या किड्याची अळी असते, नाहीतर ती वाळलेली असतात. टाचणीएवढं भोक असलेलं फळ बुडलं तरी नको.

लगेच लावणं जमत नसेल तर ओलसर पानमातीत, सावलीत ठेवा. हवाबंद डबा नको, तिथे ती कुजतात.

लावणी:
- फळ आडवं, ३ ते ५ सेंमी खोल
- ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयुक्त बुरशी) किलोभर फळांना ५ ग्रॅम
- वर बांजच्याच पानांचं आच्छादन. चीडची (तिथल्या पाइनची) पानं नकोत, उन्हाळ्यात वणव्याला खाद्य
- उंदीर, साळिंदरासाठी जाळी

पिशवी वापरलीच तर उंच घ्या. कोंब वर दिसायच्या आधीच मूळ खोल उतरतं, बुटक्या पिशवीत ते गुंडाळतं. माझं मत विचाराल तर थेट जागेवर लावा.

दुकानदार मायकोरायझाची (मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीची) पाकिटं आणि पाणी धरून ठेवणारं हायड्रोजेल गळ्यात मारतील. जुन्या बांजखालची ओंजळभर माती प्रत्येक खड्ड्यात टाका, मुळांना लागणारी बुरशी तिच्यात असते. झाड वनपंचायतीच्या (गावाचं जंगल सांभाळणाऱ्या समितीच्या) हद्दीत असेल तर आधी विचारा, आणि सगळी फळं वेचू नका.

डिसेंबर-जानेवारीत पाऊस रुसला तर आच्छादनाखाली बोट घालून ओल बघत राहा. माती कोरडी लागली की बी तिथेही वाळतंच. पाणी सकाळी ऊन आल्यावर द्या, संध्याकाळी दिलेलं रात्री गोठतं.

आणि हौसेनं चार फळं महाबळेश्वरला नेऊ नका. उंची पुरेल, पण तिथला पाऊस आणि जांभा बांजचा नाही.