पॅरी म्हणजे नुसता वार अडवणं नाही भो

भर उन्हाळ्यात आमच्या जळगावात दुपारी डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, तलवारबाजीत वार अडवतात ती पॅरी तशीच समजा. चेष्टा नाही करत. मूळ लॅटिन शब्द परारे, म्हणजे तयारी करणं, इटालियनमध्ये त्याला वार अडवणं-टाळणं असाही अर्थ आला, मग फ्रेंचमध्ये पारे आणि तिथून इंग्रजीत पॅरी. ऊन अडवते ती पॅरासोल, पडणं अडवतं ते पॅराशूट, सगळे एकाच खानदानातले.

आता करायची कशी ते बघा. फॉइल म्हणजे टोकानं टोचायची हलकी तलवार, तिच्यात पॅरी ८ आहेत, नावं फ्रेंच आकड्यांची, पण सुरुवातीला ४ आणि ६ एवढंच धरा बाकीचं नंतर. दोन हलक्या काठ्या घ्या, टोकाला चिंध्यांचा बोळा बांधा, आणि मास्क नसेल तर समोरच्याला सांगा काठी एकदम हळू आण म्हणून, डोळ्याशी खेळ नको. तुम्ही उजव्या हाताचे असाल तर छातीच्या डाव्या बाजूला येणारा वार ४ नं घ्यायचा. हात वीतभर आत, कोपर फार हलवायचं नाही, टोक समोरच्याकडेच राहिलं पाहिजे. पात्याचा मुठीजवळचा भाग ताठ असतो त्याला फोर्ट म्हणतात, टोकाकडचा लवतो तो फॉइबल, तर आपल्या फोर्टवर त्याचा फॉइबल घ्यायचा, मग ताकद लागतच नाही.

मी आधी बैल हाकल्यासारखा हात फेकायचो, समोरचं पोरगं खालून पातं काढून उघड्या छातीत टोचायचं आणि वर हसायचं.

आणि अडवून उभं राहू नका भो! फॉइल नि सेबर या तलवारींच्या खेळात पॅरी झाली की पाळी तुमची, वार लागल्याचे दिवे दोघांचे लागले तरी लगेच मारलेल्या उलट वाराला, म्हणजे रिपोस्टलाच पॉइंट (एपे या तिसऱ्या तलवारीत हा नियमच नाही, तिथे दोघांनी बरोबर टोचलं तर दोघांना पॉइंट). रिपोस्ट पण इटालियन रिस्पोस्टावरून आलाय, म्हणजे उत्तर. त्यानं विचारलं आणि तुम्ही गप्प बसले तर तो परत विचारणारच ना.

म्हणून ४ ची पॅरी आणि सरळ रिपोस्ट एका दमात १० वेळा करा, मग उजव्या बाजूचे वार घेऊन ६ ची, आणि हात जड व्हायला लागला की थांबा, थकल्यावर तो परत बैलच हाकतो.