पावसाळ्यात खाडीतली पेशी लेझरने धरायची, तर आधी काय काय

लेझरचा किरण सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने एका ठिपक्यावर आणला की तिथे छोटा कण अडकून राहतो; त्या सापळ्यात जिवंत पेशी तरंगती धरून तिचं चित्र घ्यायचं, त्याची ही तयारी. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीचं पाणी आणायचं तर भरतीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा. जुलैत काजळी नदी लाल होऊन उतरते आणि ओहोटीला खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं. भरतीचंच पाणी घ्या, रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता तिथेच मोजा आणि बाटलीवर लिहा. पुढे पेशी ज्या द्रवात ठेवाल त्याची क्षारता तेवढीच हवी, नाहीतर ती लेझरखाली येण्याआधीच फुगते किंवा आकसते. पाणी रात्रभर निवळू द्या. पाण्याहून जास्त अपवर्तनांकाचा, म्हणजे प्रकाश पाण्याहून जास्त वाकवणारा, जो कण जवळून जाईल तो सापळा ओढून घेतो. पेशी कुठली आणि गाळ कुठला, हे त्याला कळत नाही. त्यातून गडद कण आला तर तो तापतो, बुडबुडा उठतो आणि ती काचपट्टी बाद होते.

ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची नमुन्याजवळची भिंगं, आठवडाभर आधी डब्यातून काढून उजेडात तिरपी धरून पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगावर बुरशी कधी चढते ते समजत नाही. डब्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी करा. खाऱ्या पाण्यात खोलवर धरायचं असेल तर तेलाच्या थेंबातून बघायच्या भिंगापेक्षा पाण्याच्या थेंबातून बघायचं, १.२ एनएचं भिंग मला बरं वाटतं (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचं माप). तेलाच्या भिंगाने काचेपासून थोडं वर गेलं की सापळा ढिला पडतो. लाइट जाणार हे धरूनच चाला: लेझर, कॅमेरा आणि संगणक यूपीएसवर हवेत, आणि लेझर किमान अर्धा तास आधी सुरू असावा. १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तीच तरंगलांबी अडवणारा चष्मा सगळ्यांनी घालायचा, दारात उभं राहून बघणाऱ्यानेसुद्धा.

लेझर अवरक्तच का, हे नव्या मुलांना जरूर सांगा. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ मध्ये एका किरणाचा सापळा दाखवला. पुढच्या वर्षी हिरव्या लेझरने जिवाणू धरले, तेव्हा ते प्रकाशाने मरू लागले. अवरक्तावर गेल्यावर मात्र यीस्ट आणि ई. कोलाय सापळ्यातच विभागताना दिसले. तरीही अवरक्त निरुपद्रवी नाही. नमुन्यापाशी १०० मिलिवॅट असतील तर तापमान साधारण एक-दीड अंशाने चढतं, आणि ऑक्सिजन असेल तर पेशीला इजा जास्त होते. म्हणून शक्ती लेझरच्या तोंडाशी न मोजता भिंगाच्या पुढे मोजा; वाटेत बरीच गळते.

सगळ्यात जास्त वेळ पेशीच्या आकारावर द्या. लांबट जिवाणू एकाच सापळ्यात धरला की किरणाच्या दिशेने उभा राहतो आणि वरून नुसता ठिपका दिसतो. आडवा हवा असेल तर दोन टोकांना दोन सापळे लागतात, त्यासाठी किरण दुभागायची सोय आधी जुळवून ठेवा. पॉलिलायसिनचा चिकट लेप देऊन पेशी काचेला चिकटवणं सोपं आहे, पण ज्या पृष्ठभागाचा अभ्यास करायचा तोच त्यात दबतो. तो मोकळा राहावा म्हणूनच आपण एवढा खटाटोप करतो. सापळा मऊ स्प्रिंगसारखा असतो, धरलेली पेशी थरथरत राहते. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास. त्याखालचं बघायचं तर ही थरथर प्रत्येक फ्रेमगणिक मोजून वजा करावी लागते. दोन-तीन मायक्रॉनच्या प्लास्टिक मण्यावर हा सराव आदल्या दिवशी करा, जिवंत पेशीवर शिकू नका. दोन शेपट्यांचं डुनालिएला हे एकपेशीय शैवाल पहिल्याच दिवशी घेऊ नका, ते जोरात पोहतं; न पोहणारं क्लोरेला शैवाल आधी.

काचपट्टीच्या कडा व्हॅसलीन आणि मेणाने बंद करा. नेलपॉलिशचा द्रावक पेशींना सोसत नाही, आणि उघड्या कडेने पाणी उडालं की क्षारता वाढते. कॅमेऱ्यापुढे अवरक्त अडवणारा फिल्टर बसला आहे ना, तेवढं पाहा.

त्याच काचपट्टीवर, सापळ्यापासून दूर, एक पेशी मोकळी राहू द्या आणि तिचंही चित्र घ्या. धरलेल्या पेशीची शक्ती, किती सेकंद धरली, आणि सोडल्यावर पुढे काय झालं, हे वहीत लिहा. पोहणारी पेशी सुटल्यावर पोहलीच नाही, तर तिचं चित्र मी जिवंत पेशीचं म्हणून वापरत नाही.