नारळाच्या रसातला रास्ता पास्ता

क्रीम आणि चीज न घालता दाटसर, झणझणीत पास्ता करायचा तर आमच्या फोंड्याच्या घरात जमैकाचा रास्ता पास्ता होतो. लाल, पिवळी आणि हिरवी ढोबळी मिरची, म्हणजे रास्ताफारींचे, जमैकातल्या एका धर्मपंथाच्या लोकांचे रंग, आणि त्यावर जर्क मसाला, तिकडचं झणझणीत वाटण. हॉटेलांत त्यात बहुधा क्रीम, चीज आणि चिकन असतं. पण जमैकाच्या स्वयंपाकात नारळाचं दूध रोजचं आहे आणि कितीतरी रास्ताफारी मांस खातच नाहीत, त्यामुळे हा वीगन पास्ता मला मुळीच उपरा वाटत नाही. नारळ आपल्या बाजूच्या समुद्रातून युरोपियनांच्या जहाजांवरून सोळाव्या शतकात कॅरिबियनला गेला, आणि मिरची-काजू पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आपल्याकडे आले.

सगळी चव मसाल्यावर आहे. गरम मसाला घालू नका, शागुतीचा तर नकोच; तो घातला की जमैका संपला. जर्कचा वास ऑलस्पाइस आणि थायम या सुगंधी पाल्याचा. ऑलस्पाइसचं झाड आमच्याकडच्या मसाल्याच्या बागांत बघायला मिळतं, वाळलेली फळं मात्र दुकानातूनच आणावी लागतात. चौघांसाठी दोन चहाचे चमचे ऑलस्पाइस, अर्धा चमचा मिरी आणि दालचिनीचा छोटा तुकडा कुटून घ्या. त्यात पाव चमचा जायफळ, एक चमचा सुका थायम, पाच पाकळ्या लसूण, इंचभर आलं, चार पातीचे कांदे, चमचाभर माडाचा गूळ आणि मोठा चमचा माडाच्या सुरेचं व्हिनेगर घालून वाटा. थायम नसेल तर पाव चमचा ओवा चालतो, दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं; त्याहून जास्त घालू नका, ओवा बाकी सगळं दाबून टाकतो.

तिखटासाठी तिकडे स्कॉच बॉनेट मिरची वापरतात, तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात एक ते साडेतीन लाखांची. मी काणकोणच्या दोन खोला मिरच्या रंगासाठी भिजवून आणि तीन तिखट हिरव्या मिरच्या वाटणात घालते. स्कॉच बॉनेटचा फळासारखा वास यातून येत नाही, पण झणका येतो.

आता रस. एक मोठा नारळ खवून पाऊण वाटी कोमट पाण्यात वाटा आणि पंचातून पिळा; हा दाट रस वेगळा ठेवा. त्याच चवाला दीड वाटी पाणी घालून पुन्हा वाटून पिळा, हा पातळ. मूठभर काजू अर्धा तास भिजवून पातळ रसाबरोबरच गुळगुळीत वाटा.

तीनशे ग्रॅम पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, भरपूर मिठाच्या पाण्यात, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी शिजवा. ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं, म्हणून सुकाच घ्या आणि पाकीट वाचा. शिजवलेलं वाटीभर पाणी काढून ठेवायला विसरू नका.

पसरट कढईत खोबरेल तापवून ढोबळी मिरचीच्या पट्ट्या मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परता आणि काढून ठेवा; त्या कुरकुरीत राहायला हव्यात. त्याच तेलात वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई केली तर लसणाचा कच्चेपणा शेवटपर्यंत राहतो. मग काजू वाटलेला पातळ रस ओता, मीठ घाला, पाच मिनिटं उकळू द्या. पास्ता आणि थोडं राखून ठेवलेलं पाणी घालून आणखी दोन मिनिटं हलवा.

दाट रस अगदी शेवटी, आच एकदम बारीक करून. तो फक्त गरम व्हायला हवा, उकळायला नको. रसातली तेलाचे थेंब धरून ठेवणारी प्रथिनं उकळीने गोठतात, तेल वर येतं आणि रस फुटतो. काजू आणि पास्त्याचा स्टार्च त्याला बराच आधार देतात, पण जोरकस उकळीपुढे त्यांचंही चालत नाही. कढई उतरवल्यावर ढोबळी मिरची, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला.

लगेच वाढा. उरलाच तर सकाळपर्यंत पास्ता सगळा रस पिऊन टाकतो. गरम करताना थोडं पाणी घालून मंद आचेवरच हलवत राहा.