विद्यापीठाची वेबसाइट नवी करताय? टेंडर काढण्याआधी एवढी तयारी करा

वेबसाइट नवी करायची ठरली की पहिली बैठक रंगांवर होते, दुसरी बोधचिन्ह डावीकडे की मधोमध यावर, आणि तिसऱ्या बैठकीत टेंडरचा मसुदा येतो. ही घाई जरा आवरा. कुठल्या पानाचा धनी कोण, हे न ठरवता नवा साज चढवला तर नव्याचे नऊ दिवस होतात आणि पुन्हा बारभाई कारभार सुरू.

म्हणून आधी एक साधी एक्सेल शीट उघडा आणि विद्यापीठाच्या नावाने इंटरनेटवर जे जे उभं आहे ते लिहून काढा. मुख्य साइट, परीक्षा विभागाचं पोर्टल, निकालाचं वेगळं पान, प्रवेश, दूरशिक्षण, ग्रंथालयाचा कॅटलॉग, नॅकच्या (महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीच्या तोंडावर उभी केलेली आयक्यूएसीची, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाची पानं, आणि एखाद्या विभागातल्या उत्साही सरांनी ब्लॉगस्पॉटवर काढलेली साइट. सर कधीच निवृत्त झाले, पण गुगलवर विभागाचं नाव टाकलं की अजून तीच वर येते. प्रत्येकीसमोर लिहा: सांभाळतं कोण, पासवर्ड कोणाकडे, सर्व्हर कुठे, शेवटचा बदल कधी. शिक्षणसंस्थांच्या एसी डॉट इन डोमेनची नोंदणी अर्नेट इंडियाकडे असते. तिथे संपर्क म्हणून दिलेला माणूस अजून नोकरीत आहे का तेही बघा. स्क्रीमिंग फ्रॉग या साइट तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती ५०० पत्ते तपासून देते. विद्यापीठ तेवढ्यात मावत नाही, पण दुवे किती तुटलेत याचा अंदाज येतो.

मग चौकशी खिडकीवर जाऊन बसा. येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत टिपा: रिव्हॅलची शेवटची तारीख कधी, मार्कशीटवर आईचं नाव चुकलंय, मायग्रेशनला किती दिवस लागतात, एटीकेटीचा फॉर्म कुठे भरायचा. पहिल्या पानावर काय हवं ते ही वही सांगेल. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद यांची माहिती हवीच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधल्या १७ बाबीही हव्यात. पण मेनूची पहिली जागा त्यांची नाही. सरकती पट्टी आणि लुकलुकणारं ‘न्यू’ यांना मात्र कुठलीच जागा ठेवू नका. गेल्या वर्षीच्या सूचनेपुढे ते अजून लुकलुकत असतं.

सगळ्यात जास्त वेळ परिपत्रकांसाठी राखून ठेवा. सहीचा कागद स्कॅन करायचा, ‘स्कॅन००१२’ अशा नावाने पीडीएफ चढवायची आणि मोकळं व्हायचं, ही रीत सर्वत्र आहे. त्या चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीनरीडर तिथे मुकं होतं. नवा नियम आधी कागदावर मान्य करून घ्या: परिपत्रक म्हणजे साध्या मजकुराचं पान, वर तारीख, विषय, कोणासाठी आणि अंतिम मुदत, सहीची प्रत खाली जोडलेली. मुदत वाढली तर जुन्या पानावरच ठळक लिहायचं. नाहीतर शोधात जुनी तारीख सापडते आणि विद्यार्थ्याला विलंब शुल्काचा भुर्दंड बसतो.

इथेच फाँटची भानगड निघते. जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. त्यांतला मजकूर उचलून पानावर टाकला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर भरवसा टाकून झोपू नका. ‘दुसऱ्या’, ‘अधिकाऱ्यांनी’ यांतला ऱ्य, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायला मराठी नीट येणारा माणूस नेमा आणि त्याचे दिवस वेळापत्रकात धरा. सगळ्या साइट्सना एकच युनिकोड फाँट ठरवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मोफत आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, बटणांवर तर हमखास. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला सांगा, म्हणजे फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. स्क्रीनरीडरलाही उच्चार कुठल्या भाषेचे करायचे ते कळतं.

सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता येणं, ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. टेंडरमध्ये ‘साइट सुगम्य असावी’ एवढंच लिहिलं तर पुरवठादार कोपऱ्यात अक्षर मोठं करायचं बटण बसवून बिल लावतो. अटी मोजता येतील अशा लिहा: मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १, माउसशिवाय पूर्ण फॉर्म भरता येणं, चित्रातल्या कॅप्चाला पर्याय. एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर फुकट आहे. स्वीकृतीपूर्वी त्यावर परीक्षा फॉर्म भरून दाखवायला सांगा.

चाचणीला मोठा फौजफाटा लागत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं की पाच माणसांसोबत केलेली छोटी चाचणी बहुतेक अडचणी उघड्या पाडते. पाच विद्यार्थी बोलवा, त्यातले दोन तरी तालुक्याच्या कॉलेजातले. स्वस्तातला अँड्रॉइड फोन, मोबाइल डेटा, आणि एकच काम: ‘उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज कसा करायचा ते शोध.’ मग गप्प बसा. ‘अगं, वर बघ ना’ म्हणालात की चाचणी संपली.

जुने पत्ते मोडू नका. नव्या पानांकडे कायमचे वळवा आणि त्याची यादी टेंडरला जोडा. जुने अभ्यासक्रम तर अजिबात काढू नका. परदेशात पदवीचं मूल्यमापन करून घेणारे माजी विद्यार्थी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम मागत येतात, आणि साइटवर नसला की त्यांच्या आईवडिलांना विभागात हेलपाटे पडतात.

निकालाचं पान वेगळं, हलकं, चित्रांशिवाय ठेवा. निकालाच्या दिवशी सगळा जिल्हा एकाच वेळी येऊन थडकतो.

राहिला मुहूर्त. जून ते ऑगस्ट निकाल आणि प्रवेश, पुढे हिवाळी परीक्षा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मधला काळ त्यातल्या त्यात निवांत. स्वातंत्र्यदिनी कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटन करण्याचा आग्रह निघेल, तो गोड बोलून टाळा. नवी साइट सुरू होण्याआधी प्रत्येक पानाखाली जबाबदार कक्षाचं नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख आलेली असावी, व्यक्तीचं नाव नको, बदल्या होतात. जुनी साइट पुढचं एक सत्र फक्त वाचनासाठी चालू ठेवा. कोणतं पान आणायचं राहिलं ते परीक्षा फॉर्म सुटल्यावरच कळतं.