कॅनडात आश्रयाचा दावा केल्यानंतर : निवारा, भाड्याचे घर आणि मदतीची दारे

कॅनडात आश्रयासाठी आलेल्या प्रत्येकाला बोलण्यात ‘रेफ्युजी’ म्हटले जात असले, तरी सरकारी दफ्तरात या शब्दाखाली दोन वेगळे गट येतात, आणि घर शोधताना पहिला गोंधळ इथेच होतो. परदेशात असतानाच ज्यांची निवड होते, त्यांच्या निवाऱ्याची आणि सुरुवातीच्या खर्चाची तजवीज सरकारने किंवा प्रायोजक गटाने आधीच केलेली असते. विमानतळावर, सीमेवर किंवा देशात आल्यानंतर जो दावा दाखल करतो तो ‘रेफ्युजी क्लेमंट’, म्हणजे दावेदार. त्याच्यासाठी अशी कोणतीही तजवीज नसते. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या बहुतेक सेटलमेंट सेवाही, म्हणजे नवागतांना स्थिरावायला मदत करणाऱ्या सेवाही, दावा मंजूर होईपर्यंत त्याला मिळत नाहीत. म्हणून कोणत्याही संस्थेत ‘तुम्ही निर्वासितांना मदत करता का?’ असे मोघम विचारू नये. ‘ज्याचा दावा अजून प्रलंबित आहे, त्याला ही सेवा मिळते का?’ असे नेमके विचारले, तर अनेक हेलपाटे वाचतात.

पहिल्या रात्रीच्या निवाऱ्यासाठी २११ हा क्रमांक फिरवावा. तो विनामूल्य आहे, तिथे अनेक भाषांत दुभाषा मिळतो आणि जवळच्या शेल्टरची माहिती दिली जाते. टोरांटोत शहराच्या शेल्टरमधील खाटांचे वाटप ‘सेंट्रल इनटेक’ या दूरध्वनी सेवेमार्फत होते, तर कॅनेडियन रेड क्रॉसची ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ ही सेवा खास दावेदारांसाठी आहे. फोन केला की खाट मिळेलच, असे मात्र समजू नये. २०२३च्या उन्हाळ्यात टोरांटोच्या पीटर स्ट्रीटवरील शेल्टर कार्यालयाबाहेर दावेदार अनेक रात्री फुटपाथवर झोपले होते. शहर आणि केंद्र सरकार खर्चाचा भार एकमेकांवर ढकलत असताना त्यांना आसरा दिला तो काही चर्चनी. जागा नाही असे सांगितले गेले, तर पुन्हा केव्हा फोन करावा हे विचारून घ्यावे आणि त्याच वेळी दुसरीकडेही प्रयत्न चालू ठेवावा.

दुसरीकडे म्हणजे मुख्यतः दावेदारांसाठीच चालवल्या जाणाऱ्या निवासांकडे. टोरांटोतील रोमेरो हाउस, मॅथ्यू हाउस, अ‍ॅडम हाउस आणि एफसीजे रेफ्युजी सेंटर, व्हँकुव्हरमधील किनब्रेस ही त्यांतली परिचित नावे. माँट्रियलमध्ये दावेदारांचे स्वागत आणि तात्पुरता निवारा ‘प्राइडा’ या सार्वजनिक कार्यक्रमाकडे आहे. या निवासांत खोल्या थोड्या आणि प्रतीक्षा मोठी असली, तरी मोठ्या शेल्टरपेक्षा मी यांनाच आधी विचारण्याचा सल्ला देईन, कारण तिथल्या कार्यकर्त्यांना दाव्याच्या सुनावणीची तयारी, वकील, मुलांची शाळा आणि घरमालकाशी बोलणी या सगळ्या गोष्टी ठाऊक असतात. खोली मिळाली नाही, तरी यांपैकी काही ठिकाणी सल्ला मिळू शकतो.

निवाऱ्याइतकीच काळजी कागदांची घ्यावी. दावा सुनावणीसाठी पात्र ठरला की ‘रेफ्युजी प्रोटेक्शन क्लेमंट डॉक्युमेंट’ हे छायाचित्र असलेले पत्र मिळते. तेच आपले ओळखपत्र आणि तोच ‘इंटरिम फेडरल हेल्थ प्रोग्राम’ या आरोग्य योजनेचा पुरावा असतो. मूळ प्रत जपून ठेवावी, छायाप्रती बाळगाव्यात आणि फोनमध्येही छायाचित्र काढून ठेवावे, कारण दाटीच्या शेल्टरमध्ये बॅग हरवणे ही नवलाची गोष्ट नाही. ठरवून दिलेल्या मुदतीत वैद्यकीय तपासणी करून घेतल्याशिवाय वर्क परमिट हाती येत नाही. दावेदाराला या परमिटसाठी शुल्क पडत नाही. परमिट मिळाल्यावर नोकरीसाठी लागणारा ‘सोशल इन्शुरन्स नंबर’ काढता येतो. तो ९ या अंकाने सुरू होतो, आणि त्यावरून मुक्काम तात्पुरता आहे हे नोकरी देणाऱ्याला कळते.

यानंतरची गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या मते सर्वांत धोक्याची तीच आहे. दावेदार पहिल्या वर्षात शेल्टरमधून मोटेलमध्ये, मोटेलमधून कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये असा तीन-चार वेळा सहज हलतो, आणि सुनावणीची सूचना मात्र दफ्तरात नोंदलेल्या पत्त्यावरच जाते. सूचना न मिळाल्याने सुनावणी चुकली, तर दावा ‘सोडून दिलेला’ ठरू शकतो, आणि तसा एकदा ठरला की कॅनडात दुसऱ्यांदा दावा करता येत नाही. पत्ता बदलला की तो तीन ठिकाणी स्वतंत्रपणे कळवावा लागतो : दाव्याचा निकाल देणारे इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड, इमिग्रेशन खाते आणि सीमा सेवा संस्था. एकाला कळवले म्हणजे बाकीच्यांना आपोआप कळते, असे मुळीच नाही. वकील असल्यास त्यालाही सांगावे आणि कळवल्याचा पुरावा तारखेसह जपून ठेवावा. शेल्टर सोडताना, मागाहून येणारी पत्रे ते किती दिवस ठेवतील, हेही विचारावे.

आता पैशांचा प्रश्न. प्रांताकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्यासाठी दावेदार अर्ज करू शकतो. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओत या योजनेला ‘ऑन्टॅरिओ वर्क्स’ म्हणतात. एकट्या माणसाला महिन्याला ३४३ डॉलर गरजांसाठी आणि घरभाड्यासाठी जास्तीत जास्त ३९० डॉलर, असे एकूण ७३३ डॉलर मिळतात. ही रक्कम २०१८पासून वाढलेली नाही, आणि तेवढ्यात टोरांटोत स्वतंत्र घर मिळणे अशक्य आहे, हे आधीच समजून घेतलेले बरे. उत्पन्नाच्या प्रमाणात भाडे आकारणाऱ्या अनुदानित घरांसाठी ऑन्टॅरिओत दावेदारालाही नाव नोंदवता येते. यादी वर्षानुवर्षे सरकत नाही, तरीही नाव पहिल्याच महिन्यात घालावे. तोवर पहिले घर म्हणजे बहुधा इतरांबरोबर वाटून घेतलेल्या घरातली एक खोली असते.

अशी खोली घेताना स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर कोणाबरोबर वापरायचे आहे, हे नीट विचारावे. ऑन्टॅरिओत ते घरमालकाबरोबर किंवा त्याच्या जवळच्या कुटुंबीयांबरोबर वापरायचे असेल, तर भाडेकरूंना संरक्षण देणारा २००६चा कायदा सहसा लागूच होत नाही आणि मालक थोड्या दिवसांच्या सूचनेवर खोली रिकामी करायला सांगू शकतो. इतर भाडेकरूंबरोबर वापरायचे असेल, तर कायदा लागू होतो. भाड्यात ‘हायड्रो’ धरलेला आहे का, हेही विचारावे; इथे हायड्रो म्हणजे पाणी नव्हे, वीज.

आगाऊ पैशांचे नियम प्रांतागणिक बदलतात. ऑन्टॅरिओत मालक अनामत म्हणून फक्त शेवटच्या महिन्याचे भाडे मागू शकतो. नुकसानभरपाईची वेगळी अनामत किंवा सहा महिन्यांचे आगाऊ भाडे मागणे कायद्यात बसत नाही. क्वेबेकमध्ये पहिल्या महिन्याच्या भाड्यापलीकडे काहीही मागता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात अनामत अर्ध्या महिन्याच्या भाड्यापेक्षा अधिक असू शकत नाही. नवख्या माणसाकडे इथला भाडेकरू म्हणून इतिहास नसतो, कर्जफेडीची नोंद नसते, आणि नेमके याचेच भांडवल करून जास्त पैसे मागितले जातात. अशा वेळी शेल्टरच्या कार्यकर्त्याचे पत्र आणि अर्थसाहाय्याचा कागद पुढे करावा. सरकारी साहाय्यावर जगतो म्हणून खोली नाकारणे हे ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार संहितेविरुद्ध आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र मालक खरे कारण सांगत नाही, फोन उचलणे बंद करतो. त्या भांडणात दिवस घालवण्यापेक्षा पुढची खोली पाहावी.

खोली स्वतः आत जाऊन पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नये. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असे सांगणारा मालक हा मालक नसतो, आणि ‘इंटरॅक ई-ट्रान्सफर’ने, म्हणजे बँक खात्यातून ऑनलाइन, गेलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. ऑन्टॅरिओत सर्वसाधारण भाडेकरारासाठी सरकारने ठरवलेला छापील नमुना आहे, तोच मागावा. भाडे रोख दिले, तर पावती घ्यावी. मागितल्यावर ती विनामूल्य देणे मालकावर बंधनकारक आहे.

मुलांना शाळेत घालण्यासाठी निकालाची वाट पाहू नये. दावेदारांच्या अल्पवयीन मुलांना बारावीपर्यंत शिकायला स्टडी परमिट लागत नाही. भाषेच्या वर्गांसाठी केंद्रीय कार्यक्रमाऐवजी प्रांताकडे वळावे : ऑन्टॅरिओत स्कूल बोर्डांचे प्रौढांसाठीचे इंग्रजी वर्ग आणि क्वेबेकमध्ये फ्रेंचचे वर्ग दावेदारांना खुले आहेत. वकिलासाठी, प्रांतात सोय असल्यास, आधी ‘लीगल एड’कडे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना कायदेशीर मदत देणाऱ्या सेवेकडे, अर्ज करावा.

दावा मंजूर झाला की ज्या दारांवरून परत यावे लागले होते, तिथे पुन्हा जावे. निकालाचे पत्र दाखवल्यावर केंद्रीय भाषावर्ग आणि सेटलमेंट सेवा खुल्या होतात, लहान मुले असल्यास ‘कॅनडा चाइल्ड बेनिफिट’ या मुलांसाठीच्या सरकारी भत्त्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्याच आठवड्यात कायम वास्तव्याच्या अर्जाची तयारी सुरू करता येते.