आबांचं चॅट-लायसन्स : मुलांना आभासी जगात सोडण्याआधी काय काय करायचं

नातवंडांच्या खेळातल्या आभासी जगात पहिली वीस मिनिटं माझा अवतार, म्हणजे पडद्यावरचा माझा बाहुला, भिंतीला डोकं घासत उभा होता. वळायचं कसं तेच मला उमगेना. शेजारी नात पोट धरून हसत होती. शेवटी तिने माझ्या हातातला माउस काढून घेतला, मला दारातून बाहेर आणलं आणि बजावलं, "आबा, आता नुसतं चालत राहा. कुणाशी बोलू नकोस." हे वाक्य आदल्या दिवशी मीच तिला शिकवलं होतं.

मी निवृत्त गणिताचा मास्तर. नात आठची, नातू अकराचा, आणि दुपारभर दोघं माझ्या ताब्यात. त्यांच्यामागे हिंडत मी अशी पाच-सहा जगं पाहिली आणि पाहिलेलं वहीत टिपत गेलो. त्या वहीतलंच पुढे देतोय. सगळ्यात वर लिहिलंय : मुलाला सोडण्याआधी आपण आत जायचं. आणि जायचं ते मुलाच्याच अकाउंटने, त्याला शेजारी बसवून. मोठ्यांच्या अकाउंटला दिसणारं जग आणि आठ वर्षांच्या मुलीला दिसणारं जग बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं. जन्मतारखेप्रमाणे चॅट, खरेदी, मैत्रीच्या विनंत्या हे सगळं बदलतं.

म्हणून जन्मतारीख खरी घाला. इथे भले भले पालक घसरतात. "तेरा पूर्ण नाहीत" असं स्क्रीनवर आलं की साल मागे ढकलतात आणि पुढे जातात. हा तेराचा आकडा आला कुठून? अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला, २००० पासून तो लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची असेल तर त्या कायद्याने कंपनीवर आई-वडिलांची संमती घेण्याचं बंधन घातलं. पुष्कळशा कंपन्या तिथल्याच, त्यामुळे आकडा जगभर पोचला. साल खोटं घातलं की मुलासाठी असलेली सगळी कुंपणं आपणच उपटून टाकतो. कंपनीच्या लेखी तुमची आठ वर्षांची मुलगी वीस वर्षांची बाई होते आणि तिला तशीच वागणूक मिळते.

अकाउंटचं नाव ठरवताना आडनाव नको, शाळा नको, हे सगळ्यांना कळतं. नावामागचे आकडे मात्र कुणी पाहत नाही. "हे नाव आधीच घेतलेलं आहे" असं आलं की मुलं शेवटी जन्मसाल चिकटवतात. झालं, वय जाहीर! आमच्या नातवाने तेच केलं होतं. आता त्याच्या नावामागे १७२९ आहे, रामानुजनचा आकडा. हा आकडा का, ते गणितवाल्यांना सांगायला नको.

यानंतर फक्त एका गोष्टीवर डोळा ठेवायचा : बोलण्याचं दार. चित्रं किती गोड आहेत, डोंगर किती खरे वाटतात, याने काही ठरत नाही. माझ्या मुलाशी कोण, कसं आणि कुणाच्या परवानगीने बोलू शकतं, एवढं पाहिलं की त्या जगाची निम्मी परीक्षा झाली.

हे दार किती घट्ट लावता येतं त्याचं जुनं उदाहरण म्हणजे क्लब पेंग्विन. २००५ ते २०१७ चाललेल्या त्या जगात पालकाला हवं तर मूल फक्त तयार वाक्यांच्या यादीतून निवडून बोलू शकायचं. स्वतःचं काही लिहायची सोयच नाही. लहान मुलांसाठी अशी सोय कुठे मिळाली तर ती बेलाशक निवडा. त्यानंतर येतं ते गाळणी लावलेलं चॅट, म्हणजे वाईट शब्द आणि फोन नंबर अडवणारं. त्यावर फार विसंबू नका. मुलं आकडे अक्षरांत लिहितात, एक संदेश चार तुकड्यांत पाठवतात. आणि आपल्या भाषेचं काय? मी नातवंडं झोपल्यावर दार लावून प्रयोग केला. आमच्या काळची एक अस्सल मराठी शिवी इंग्रजी लिपीत टाइप केली. सुळकन गेली. अख्खं आयुष्य वर्गात शिव्यांबद्दल अंगठे धरायला लावले आणि म्हातारपणी हे करावं लागलं! पण कळलं ते कामाचं होतं : तिथली गाळणी मराठी जाणत नव्हती. तुमच्या जगातली जाणते का, ते एकदा असंच पाहून घ्या. आवाजाच्या चॅटबद्दल लांबण लावत नाही. बंद ठेवा. आवाजावरून वय कळतं, मागचं घरातलं बोलणं ऐकू जातं.

सेटिंग "आधीपासून सुरक्षितच असेल" या भरवशावर राहू नका. फोर्टनाइट हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीवर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कारवाई केली, ती यावरही होती. मुलांसाठीही लेखी आणि तोंडी चॅट मुळातूनच चालू ठेवलेलं होतं. मुलांच्या खासगीपणाच्या त्या प्रकरणात २७.५ कोटी डॉलरचा दंड ठरला. तेव्हा पहिल्याच दिवशी सेटिंग उघडा आणि संदेश कोण पाठवू शकतं, मैत्रीची विनंती कोण करू शकतं, मूल खेळत असताना तिथे कोण येऊ शकतं, हे एकेक वाचा. मोठा अपडेट आला की पुन्हा वाचा. एक चकवा सांगतो. ही कुलपं बरेचदा खेळात नसतातच. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळात मुलाला इतरांबरोबर खेळता येईल का, बोलता येईल का, हे मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब अकाउंटच्या परवानग्यांवर ठरतं. मी दोन दिवस खेळाच्या आत ते बटण शोधत बसलो होतो.

माइनक्राफ्टचं नाव निघालंच आहे तर त्याची पायरी सांगतो, कारण बहुतेक घरांत सुरुवात तिथूनच होते. शाळांसाठीची शैक्षणिक आवृत्ती २०१६ साली आली, ती वेगळी. तिथे शिक्षक जग उघडतात, मुलं शाळेच्या अकाउंटने येतात, आत शिरायला चित्रांचा कोड असतो. परकं कुणी सहज टपकत नाही. घरी घेतो ती साधी आवृत्ती. तिच्यात आम्ही आधी एकट्याचं जग ठेवलं. मग घरच्याच वायफायवर दोन यंत्रं जोडून भावा-बहिणीचं. त्यानंतर रेल्म, म्हणजे निमंत्रणावर चालणारी खासगी जागा; तिथे एका वेळी मालकासोबत जास्तीत जास्त दहा जण खेळू शकतात. निमंत्रण फक्त अशाच मुलाला, ज्याच्या आईचा फोन नंबर आपल्याकडे आहे. कुणालाही खुले असलेले सर्व्हर आमच्याकडे अजून बंद आहेत. नातू रोज विचारतो, मी रोज नाही म्हणतो, आमचं बरं चाललंय.

इतका पहारा ठेवायचा तर मग मुलांना पाठवायचंच कशाला, असं सुनेने मला विचारलं होतं. मी तिला व्हायव्हिलची गोष्ट सांगितली. १९९९ साली सुरू झालेलं हे मुलांचं शैक्षणिक जग. २००२ मध्ये तिथे एक खोटी साथ सोडली गेली. अवतारांच्या चेहऱ्यावर लाल पुरळ उठायचं आणि बोलता बोलता वाक्यात मध्येच शिंक यायची. कुणाकडून कुणाला लागण झाली, किती वेगाने पसरतेय, याचा मुलं चर्चा करून माग काढू लागली, आणि संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. साथीचा आलेख फळ्यावर काढून मी किती वर्षं घसा कोरडा केला असेल! इथे पोरांच्या तोंडावरच पुरळ, शिकवायला मास्तर लागतोय कशाला?

त्याच व्हायव्हिलची आणखी एक युक्ती मी सरळ उचलली. तिथे चॅट करण्याआधी सुरक्षेची परीक्षा द्यावी लागे, पास झालं की चॅटचं लायसन्स. आमच्या घरी मी ती कागदावर घेतो. पाठ केलेली उत्तरं चालत नाहीत, प्रश्न प्रसंगाचे असतात. कुणी विचारलं, "तुझ्या शाळेचा गणवेश कुठल्या रंगाचा?" काय करशील? कुणी म्हणालं, "मीपण आठ वर्षांची." ते खरं कशावरून? (उत्तर : कशावरूनही नाही.) "इथे मजा नाही, त्या दुसऱ्या ॲपवर ये." "हे आपल्या दोघांतच ठेव." या शेवटच्या दोन्हींना उत्तर एकच, आणि ते सर्वांत जास्त गुणांचं : खेळ तिथेच सोडायचा आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. ओळख वाढवून मुलाला एकटं पाडणारे लोक याच दोन वाक्यांनी दार ढकलून बघतात. एक प्रश्न उलट्या बाजूचाही असतो. तुला राग आला आणि समोरच्याने आठवडाभर बांधलेला किल्ला पाडावासा वाटला, तर? मुलं याला ग्रीफिंग म्हणतात, आणि आपलं बाळ ते करत नसेल अशा भ्रमात राहू नका.

पैशाचं थोडक्यात : कार्ड अकाउंटला जोडून ठेवायचं नाही, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करायचं. नाणी, रत्नं, रोबक्स (रोब्लॉक्स या खेळातलं चलन) हे आकडे मुद्दाम खऱ्या पैशापासून लांब ठेवलेले असतात. नातवाला मी हिशेबच घालतो : या टोपीचे खरे पैसे किती, काढ. निम्म्या टोप्या तिथेच गळतात.

आता जे माझ्याच घरात चुकलं ते. नातवाला खेळातल्या एका "मित्रा"ने सांगितलं, पासवर्ड दे, तुझ्या अकाउंटवर रत्नं भरतो. याने दिला. अकाउंट गेलं. पण मला लागलं ते वेगळंच. पोराने तीन आठवडे ते लपवलं. रोज टॅबलेट घेऊन बसायचा आणि खेळल्यासारखं दाखवायचा. का? कारण मी एकदा चिडून म्हणालो होतो, "परत काही गडबड झाली तर टॅबलेट कपाटात." माझ्या त्या वाक्यानेच त्याचं तोंड बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी वहीत नवा नियम लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या : जो येऊन सांगेल, त्याचा टॅबलेट जाणार नाही. काहीही झालेलं असो.

आणि सांगायला आल्यावर आपण काय करायचं, त्याचा क्रम पाठ ठेवा. उत्तर द्यायचं नाही. आधी स्क्रीनशॉट, समोरच्याचं नाव आणि वेळ दिसेल असा. मग रिपोर्ट. ब्लॉक त्यानंतर, कारण काही ठिकाणी ब्लॉक केलं की संभाषण दिसेनासं होतं. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर चालू करा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला. रागाच्या भरात अकाउंट पुसू नका, पुरावा जाईल. कुणी फोटो मागितला, भेटायला बोलावलं किंवा धमकी दिली, तर कंपनीच्या उत्तराची वाट न पाहता स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे जा.

नातवाचं लायसन्स दुसऱ्या खेपेला निघालं. नात अजून "मीपण आठ वर्षांची"वर अडते. तिला ती मुलगी खरीच वाटते, कारण तिच्या अवतारालाही दोन वेण्या आहेत. येत्या रविवारी फेरपरीक्षा आहे.