थकलेली पोटगी आणि मुलाचा बदललेला मुक्काम : नाशिकमध्ये अर्ज कसा करावा

न्यायालयाने मुलासाठी दरमहा पोटगी ठरवून दिली, ती काही महिने आली आणि मग बंद पडली, अशा वेळी सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वाट पाहत बसणे. दिवाळीचा बोनस झाला की देतो, द्राक्षांचे पैसे आले की देतो, अशा आश्वासनांत वर्ष सरते. नेमके तेच वर्ष कायद्याने मोजलेले असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे (१ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती) थकबाकीसाठी वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. समजा, दरमहा ५ तारखेला ६,००० रुपये देण्याचा हुकूम आहे आणि जानेवारी २०२५ पासून एकही हप्ता आलेला नाही. आईने २० मार्च २०२६ रोजी अर्ज केला, तर एप्रिल २०२५ पासूनच्या बारा हप्त्यांचे ७२,००० रुपये मुदतीत बसतात, पण त्याआधीच्या तीन हप्त्यांचे १८,००० रुपये या मार्गाने हाती येणे कठीण होते. म्हणून दोन-तीन हप्ते थकताच अर्ज करावा. पुढे थकणारे महिने त्याच प्रकरणात लेखी अर्ज देऊन जोडता येतात.

अर्जापूर्वी मूळ हुकूम कोणत्या कायद्याखाली झाला आहे ते पाहावे. हिंदू विवाह कायद्याखालील हुकमाची वसुली दिवाणी दरखास्तीने (हुकूम अमलात आणण्यासाठीच्या दिवाणी अर्जाने) होते आणि तिला वरील एक वर्षाची अट लागू नाही. कलम १४४ किंवा जुन्या १२५ खालील हुकूम असेल, तर नाशिक शहरातील पक्षकाराने कौटुंबिक न्यायालयात जावे; निफाड, सिन्नर, दिंडोरी यांसारख्या तालुक्यांतील प्रकरणे सहसा तेथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे असतात. वडील नोकरीसाठी पुण्यास किंवा अन्यत्र गेले असतील, तर ते जेथे आहेत तेथील दंडाधिकाऱ्यांकडूनही हुकमाची अंमलबजावणी करून घेता येते. अर्जासोबत हुकमाची प्रत, बँकेचे अद्ययावत पासबुक आणि महिनावार तक्ता जोडावा, ज्यात देय तारीख, आलेली रक्कम व बाकी हे तीनच रकाने पुरेत. शाळेच्या फाटकापाशी हातात दिलेल्या रोख पैशांवरून पुढे फार वाद होतात, त्यामुळे देणाऱ्यानेही बँकेतून किंवा यूपीआयनेच रक्कम पाठवावी.

वॉरंट निघाले तरी वसुली कशातून करायची हे अर्जदारालाच सांगावे लागते, आणि अनेक प्रकरणे इथेच अडतात. वडील सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात असतील, तर आस्थापनेचे नाव व पत्ता द्यावा; दिवाणी दरखास्तीत पोटगीसाठी पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग जप्तीतून सुरक्षित असतो, हे थोड्यांनाच माहीत असते. ठेकेदाराकडील कामगाराचा मालक वरचेवर बदलतो, म्हणून ताजी पगारपावती मिळवण्याची धडपड वाया जात नाही. उत्पन्न शेतीचे असेल, तर सातबारा उतारा जोडावा, कारण कलम १४४ खालील थकबाकी न्यायालयाने ठोठावलेल्या दंडाप्रमाणे वसूल करताना जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीही रक्कम वसूल करता येते. पुरेसे कारण नसताना रक्कम न दिल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, मात्र कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे.

आता मुलाच्या मुक्कामाविषयी. सिडकोत आईजवळ राहणारा आठवीतला मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पंचवटीत वडिलांकडेच राहिला, तर पोटगी आपोआप थांबते असे अनेक वडील समजतात. तसे नाही. परिस्थिती बदलल्याचा पुरावा देऊन कलम १४६ खाली (जुने १२७) हुकूम बदलून घेईपर्यंत जुना हुकूम कायम असतो, आणि मूल जाण्यापूर्वीची थकबाकी तर देय राहतेच. वडिलांनी मुक्काम बदलल्याची तारीख, शाळेचा दाखला, नवीन शाळेतील प्रवेश आणि खर्चाच्या पावत्या जोडून लगेच अर्ज करावा. स्वतःच्या हिशेबाने रक्कम कापू नये. ताब्याविषयी पूर्वीचा हुकूम असेल, तर तोही बदलून घ्यावा लागतो. मूल समजत्या वयाचे असल्यास न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेतात, पण निर्णय त्याच्या हिताच्या कसोटीवर होतो. पाच वर्षांखालील हिंदू मुलाचा ताबा साधारणतः आईकडे असतो.

पैसे येत नाहीत म्हणून भेट बंद करणे आणि भेट होत नाही म्हणून पैसे बंद करणे, या दोन्ही गोष्टी न्यायालयात तितक्याच वाईट दिसतात. पोटगी आणि भेट यांच्या तक्रारी वेगवेगळ्या अर्जांतच मांडाव्यात.

दोन्ही बाजूंना अर्जासोबत मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात त्याचा नमुना ठरवून दिला आहे. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. नातेवाइकांच्या बैठकीत तडजोड झाली, तर पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून थांबू नये, कारण नोटरीच्या शिक्क्याने न्यायालयाचा हुकूम बदलत नाही. संमतीच्या अटी त्याच प्रकरणात दाखल करून त्यांवर हुकूम घ्यावा, आणि त्यात मूल कोणाकडे राहील, जुनी थकबाकी किती हप्त्यांत फेडली जाईल व पुढील रक्कम कोणत्या खात्यात जमा होईल, हे स्पष्ट लिहून घ्यावे.